ॲनालॉग डिले पेडल : घमेल्यांची रांग आणि डिजिटल मुकादम

मित्रांनो, धान कापून-चुरून झाले की आपल्या तुमसर, भंडारा, गोंदियापासून थेट चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर चालणारे नाटक, बाजूला बसलेले वादक आणि माईकवर "भाऊ, एको थोडा वाढवा ना!" ही फर्माईश. या रंगभूमीची दखल आता देशाने घेतली आहे. २०२३ मध्ये डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच नाटकांसाठी. पण तो 'एको' नेमका तयार कसा होतो, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आपण इलेक्ट्रॉनिक्स शिकतो म्हटल्यावर एवढे तरी यायला हवे. म्हणून या लेखात आपण गिटारवाले पायाशी ठेवतात ती इकोची डबी, म्हणजे डिले पेडल, उघडून पाहू. त्यातही असे पेडल, ज्यात आवाज ॲनालॉगच राहतो आणि हुकूम तेवढा डिजिटल असतो.

डिले म्हणजे काय?

व्याख्या सोपी आहे. आलेला आवाज थोडा वेळ धरून ठेवायचा आणि मग मूळ आवाजात मिसळून सोडायचा. सोडलेल्या आवाजाचा काही भाग पुन्हा आत पाठवला, तर एकाचे दोन, दोनाचे चार असे पडसाद ऐकू येतात. याला फीडबॅक म्हणतात. खरा प्रश्न एवढाच की आवाज 'धरून' ठेवायचा कसा? पूर्वी त्यासाठी टेप वापरत. एका हेडने रेकॉर्ड करायचे आणि पुढच्या हेडने वाचायचे. टेप झिजायची, मोटर बिघडायची, आणि यंत्रही वजनदार.

१९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेतील सँगस्टर आणि टीर यांनी वेगळी युक्ती काढली. तिचे नाव बकेट ब्रिगेड डिव्हाइस, थोडक्यात बीबीडी. आग लागल्यावर माणसांची रांग करून हातोहात बादल्या पोचवतात, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे आग विझवण्यापेक्षा स्लॅब टाकताना हे दृश्य जास्त दिसते. खालून वरपर्यंत मजुरांची रांग, हातोहात जाणारी घमेली आणि हाका देणारा मुकादम. पुढे सगळीकडे हेच उदाहरण घेऊ.

घमेल्यांची रांग

बीबीडीमध्ये प्रत्येक मजूर म्हणजे एक छोटा कपॅसिटर आणि एक मॉस्फेट स्विच. घमेल्यातला माल म्हणजे विद्युतभार. घमेले अर्धे, पाऊण किंवा पूर्ण, कितीही भरलेले असू शकते. म्हणजे इथे शून्य आणि एक नाहीत, आवाज आकड्यात बदलला जात नाही. म्हणूनच हे सर्किट ॲनालॉग. मात्र माल घमेल्याघमेल्याने जातो, सलग धारेने नाही. म्हणजे वेळेचे तुकडे पडतात, उंचीचे पडत नाहीत. हा फरक नीट लक्षात ठेवा, व्हायवाला हमखास विचारतात.

आता एक बारकावा. शेजाऱ्याचे घमेले घ्यायचे तर आपले हात रिकामे हवेत. म्हणून मुकादम दोन हाका देतो. "एक" म्हटले की १, ३, ५ नंबरचे मजूर पुढे देतात, "दोन" म्हटले की २, ४, ६ नंबरचे. या दोन हाका म्हणजे क्लॉकचे दोन फेज. दोन हाका मिळून एक क्लॉक आवर्तन होते आणि तेवढ्यात प्रत्येक घमेले दोन जागा पुढे सरकते. म्हणून सूत्र असे :

डिले = टप्प्यांची संख्या ÷ (२ × क्लॉक फ्रिक्वेन्सी)

मात्सुशिता (पॅनासॉनिक) कंपनीच्या प्रसिद्ध एमएन ३००५ या आयसीत ४०९६ टप्पे होते. क्लॉक १० किलोहर्ट्‌झ दिला तर ४०९६ ÷ २०,००० = ०.२०४८ सेकंद, म्हणजे २०४.८ मिलिसेकंद डिले. बॉस कंपनीचे १९८१ सालचे डीएम-२ पेडल याच आयसीवर उभे होते.

पडसाद मऊ का वाटतो?

डिले वाढवायचा तर हाका सावकाश द्याव्या लागतात. हाका सावकाश म्हणजे दर सेकंदाला कमी घमेली, म्हणजेच कमी सॅम्पल. नायक्विस्टचा नियम आपण सिग्नल्सच्या पेपरात घोकलेला आहेच : क्लॉकच्या निम्म्यापेक्षा जास्त फ्रिक्वेन्सी आत जाऊ द्यायची नाही. प्रत्यक्षात फिल्टर काही भिंतीसारखा उभा नसतो, म्हणून साधारण एक तृतीयांशावरच थांबतात. १० किलोहर्ट्‌झ क्लॉक असेल तर सुमारे ३,३०० हर्ट्‌झपर्यंतच आवाज जातो. गिटारच्या पहिल्या तारेचा मोकळा सूर सुमारे ३३० हर्ट्‌झ आहे, म्हणजे मूळ सूर आरामात पार होतो. कापले जातात ते वरचे हार्मोनिक्स.

शिवाय रांगेत हातोहात थोडा माल सांडतोच आणि थोडी धूळही मिसळते. हाच नॉईज. तो दाबण्यासाठी कंपँडर वापरतात. रांगेत शिरण्यापूर्वी आवाजातला चढउतार निम्मा करायचा (८० डेसिबलचे ४०) आणि बाहेर पडल्यावर पुन्हा दुप्पट करायचा. एनई ५७० ही त्यासाठीची जुनी, नावाजलेली आयसी.

फीडबॅकमुळे प्रत्येक पडसाद पुन्हा त्याच रांगेतून आणि त्याच फिल्टरमधून जातो. म्हणून दुसरा पडसाद पहिल्याहून मऊ, तिसरा त्याहून मऊ होतो आणि हळूहळू विरतो. कागदावर हा दोषच आहे. पण गाणाऱ्याचा शब्द स्पष्ट राहतो आणि पडसाद त्याच्या मागे उभा राहतो, तो याच दोषामुळे. स्वच्छ डिजिटल डिलेचा पडसाद मूळ आवाजाइतकाच टोकदार असतो. तो जपून वापरला नाही तर शब्दावर शब्द चढतो. म्हणून १९८३ मध्ये बॉसचे डीडी-२ हे डिजिटल पेडल आले तरी ॲनालॉगची मागणी संपली नाही.

मग डिजिटल कशाला?

कारण जुन्या पेडलचा मुकादम अंदाजाने हाका देतो. क्लॉकचा वेग एका नॉबवर असतो. गाण्याची लय वाढली की वाकून नॉब फिरवायचा आणि कानाने जुळवायचे. रात्री दोन वाजता भर नाटकात हे कोण करणार? डिले लयीत बसला नाही तर इको गाण्याला साथ देत नाही, ओढून मागे पाडतो.

उपाय असा की रांग तीच ठेवायची, मुकादम बदलायचा. मायक्रोकंट्रोलर फक्त हाका देईल, घमेल्याला हात लावणार नाही. गिटारचा सिग्नल त्याच्या एकाही पिनमधून जात नाही. अमेरिकेतील चेस ब्लिस कंपनीचे टोनल रिकॉल हे पेडल याच विचाराचे आहे. आपल्या प्रोजेक्टसाठी कूलऑडिओ कंपनीच्या दोन व्ही ३२०५ (प्रत्येकी ४०९६ टप्पे, ५ व्होल्टवरही चालते) आणि १६ मेगाहर्ट्‌झवरचा एटीमेगा ३२८पी, म्हणजे नेहमीच्या आर्डुइनो बोर्डवरचाच कंट्रोलर, पुरे.

हिशेब करून पाहू

दोन आयसी मिळून टप्पे ८१९२, म्हणजे घमेले टोकाला पोचायला ४०९६ क्लॉक आवर्तने लागतात. टायमर-१ 'फेज अँड फ्रिक्वेन्सी करेक्ट' मोडमध्ये ठेवला की काउंटर शून्यापासून कमाल आकड्यापर्यंत चढतो आणि परत उतरतो. एका आवर्तनाला कमाल आकड्याच्या दुप्पट ठोके लागतात. म्हणून :

डिले = ४०९६ × २ × कमाल आकडा ÷ १,६०,००,००० = कमाल आकडा × ०.५१२ मिलिसेकंद

किती सोपे झाले बघा! डिले आणि आकडा सरळ प्रमाणात आहेत. आता लय घेऊ. वादकाने पायाने बटण दोनदा दाबले आणि अंतर ७५० मिलिसेकंद भरले, म्हणजे मिनिटाला ८० ठोके. आपली मर्यादा ५०० मिलिसेकंद धरली, तर प्रोग्रॅम ते अंतर निम्मे करेल : ३७५. याला ०.५१२ ने भागले की ७३२.४. टायमरमध्ये ७३२ भरायचे. प्रत्यक्ष डिले ३७४.८ मिलिसेकंद येतो आणि ही चूक कानाला कळण्यासारखी नाही. एकाच अंतरावर विसंबू नका, शेवटच्या तीन-चार दाबांची सरासरी घ्या. दोन सेकंदांहून मोठे अंतर आले तर नवी सुरुवात समजा.

टायमरच्या दोन पिनांपैकी एक सरळ, दुसरी उलट ठेवा आणि दोघींच्या कंपेअर आकड्यांत थोडे अंतर राखा. त्यामुळे दोन हाका कधीच एकदम पडत नाहीत. पडल्या तर पुढचे घमेले मागच्यात ओतले जाते. बीबीडीच्या क्लॉक पिनांची कपॅसिटन्स बरीच असते, म्हणून मध्ये मॉस्फेट गेट ड्रायव्हर द्या.

आकडा एकदम बदलला तर रांगेतला आवाज वेगळ्या वेगाने बाहेर येतो आणि सूर घसरतो. तो परिणाम नको असेल तर प्रोग्रॅमने एकेक पायरी चढावे-उतरावे. तोच आकडा दोन-तीनने हळू हलवत ठेवला तर कोरसचा रंग मिळतो, तोही फुकटात.

काळजी कुठे घ्यायची?

१. क्लॉकची शिट्टी : ५०० मिलिसेकंद डिलेला क्लॉक ८१९२ हर्ट्‌झवर येतो आणि तो माणसाला ऐकू येतो. बाहेरचा फिल्टर चांगला हवा. शेवटच्या दोन टप्प्यांचे आउटपुट प्रिसेटने समतोल करून जोडले की बरीच शिट्टी आपसांत कटते.

२. ग्राउंड : डिजिटल आणि ॲनालॉग भागाचे ग्राउंड वेगळे फिरवा आणि पुरवठ्याशी एकाच बिंदूत जोडा. क्लॉकची तार इनपुटजवळून नेऊ नका.

३. बॅटरी : आपल्या तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतले मँगनीज डायऑक्साइड बॅटरी उद्योगाला जाते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ९ व्होल्टची छोटी अल्कलाइन बॅटरी साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांची. सर्किटने ५० मिलिअँपिअर घेतले तर कागदावर १० तास, प्रत्यक्षात कमीच. रात्रभराच्या नाटकाला ॲडॅप्टर हवाच.

४. नकली आयसी : छाप बदलून विकलेल्या आयसी बाजारात सर्रास आहेत. १० किलोहर्ट्‌झ क्लॉक द्या आणि एका बाजूने 'टक्' आवाज सोडून मूळ आणि पडसाद दोन्ही कॉम्प्युटरच्या साउंड कार्डवर रेकॉर्ड करा. अंतर २०४.८ मिलिसेकंद आले तर ४०९६ टप्पे खरे. ५१.२ आले तर समजा, हजार टप्प्यांची आयसी तुमच्या गळ्यात मारली आहे. स्वस्तातली पीटी २३९९ आयसीही 'ॲनालॉग डिले' म्हणून विकली जाते. काम छान करते, पण तिच्या पोटात डिजिटल मेमरी आहे. वापरा, फक्त रिपोर्टमध्ये ॲनालॉग लिहू नका.

शेवटची आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट

कंट्रोलर कधी ना कधी अडकणार. व्होल्टेज पडेल, प्रोग्रॅम लटकेल. त्या वेळी काय व्हावे, हे डिझाइन करतानाच ठरवावे लागते. बायपास रिलेचा जो संपर्क वीज नसताना जोडलेला राहतो, त्यातूनच मूळ गिटारचा सिग्नल न्या. इको हवा तेव्हाच रिले ओढला जावा. सोबत वॉचडॉग टायमर चालू ठेवा, म्हणजे अडकलेला प्रोग्रॅम स्वतःहून पुन्हा सुरू होतो. मग मुकादम झोपला तरी इको तेवढा जाईल, गाणे चालूच राहील. मंडपात बसलेल्या हजार माणसांसमोर गिटार मुकी होणार नाही.

तेव्हा मित्रांनो, डिजिटल आले म्हणून ॲनालॉग मोडीत काढायचे नसते आणि ॲनालॉग गोड म्हणून अडचणी सोसत बसायचेही नसते. ज्याचे काम त्याला द्यावे : माल मजुरांच्या हातात, हाका मुकादमाच्या तोंडी. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या. फिल्टर, सॅम्पलिंग, टायमर, पॉवर सप्लाय, चार पेपरांचा अभ्यास एका डबीत होतो. आणि डबी चालली तर पुढच्या हंगामात आपल्याच गावच्या नाटकात तिची परीक्षा घ्या. तिथले प्रेक्षक कुठल्याही परीक्षकापेक्षा कडक असतात!