कॅप्टनचा समुद्र कुठे गेला?

‘द साउंड ऑफ म्युझिक’ आम्ही घरी तीन रविवारी मिळून पाहिला. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा, रिमोट मुलांच्या हातात आणि नियम एकच : ज्याला काही विचारायचं असेल त्यानं सिनेमा थांबवायचा. पहिल्याच रविवारी सातवीतल्या लेकीनं तो थांबवला. “आई, ऑस्ट्रियाला तर समुद्रच नाही. मग या सिनेमातले हे वडील नौदलात कॅप्टन कसे?”

मला उत्तर येत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं आणि नकाशाचं पुस्तक काढलं. ऑस्ट्रियाच्या चारी बाजूंना जमीनच. मग शोधत गेलो. पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी हे एक मोठं साम्राज्य होतं आणि एड्रिअ‍ॅटिक समुद्राचा किनारा त्याच्या ताब्यात होता. सिनेमातले कॅप्टन ज्यांच्यावरून घेतले, ते खरे गेऑर्ग फॉन ट्रॅप त्या साम्राज्याच्या नौदलात पाणबुडीचे कमांडर होते. १९१८ साली साम्राज्य हरलं, त्याचे तुकडे झाले, किनारा दुसऱ्यांकडे गेला. माणूस दर्यावर्दी, आणि देशाला समुद्रच उरला नाही! लेक किती तरी वेळ नकाशावरच्या त्या निळ्या पट्टीवर बोट ठेवून बसली होती. “मग त्यांना किती वाईट वाटलं असेल ना?” पहिल्या महायुद्धाचे परिणाम मी शाळेत मुद्द्यांनिशी पाठ केले होते. पण हा परिणाम मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

तिसऱ्या रविवारी शेवट आला. नाझींपासून सुटण्यासाठी कॅप्टनचं सगळं कुटुंब डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला निघतं. नकाशाचं पुस्तक आता सोफ्यावरच असायचं. मुलानं त्यात त्यांचं गाव साल्झबर्ग शोधलं आणि तो ओरडलाच, “अरे, हे तर जर्मनीच्या हद्दीला लागून आहे! स्वित्झर्लंड कुठल्या कुठे राहिलं. हा डोंगर चढले तर हे हिटलरच्याच दारात उतरतील!” अगदी बरोबर होतं त्याचं. खरं कुटुंब १९३८ साली चक्क आगगाडीत बसून इटलीला गेलं. आणि इटलीलाच का? तर कॅप्टनसाहेबांचा जन्म झादर या बंदराच्या गावचा. महायुद्धानंतर ते गाव इटलीकडे गेलं, म्हणून त्यांच्याकडे इटलीचं नागरिकत्व होतं. लेकीचा हरवलेला समुद्र असा परत भेटला.

पालकांनो, म्हणूनच सांगते, सिनेमात इतिहास चुकीचा दाखवतात या भीतीनं तो मुलांपासून लांब ठेवू नका. चूक सापडली की मुलं हरखून जातात. दिग्दर्शकानं हे का बदललं असेल, हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडतो आणि तिथून खरी गंमत सुरू होते. आपण फक्त एक पथ्य पाळायचं : सिनेमा संपल्यावर परीक्षा घ्यायची नाही. “काय शिकलास?” असं विचारलं की मूल मिटून जातं. “तुला कोण आवडलं नाही?” असं विचारून पाहा, जेवणाच्या ताटावर तासभर बोलत बसेल.

वयाचं भान मात्र हवंच. ‘शिंडलर्स लिस्ट’ हा थोर सिनेमा आहे, पण माझ्या मते दहावीच्या आधी नको, आणि नंतरही मुलानं एकट्यानं पाहायला नको. लहान मुलांना हिटलर दाखवायचा तर चॅप्लिनचं बोट धरावं. ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये दोन हुकूमशहा न्हाव्याच्या खुर्च्यांवर शेजारीशेजारी बसतात आणि दुसऱ्यापेक्षा उंच दिसावं म्हणून आपापली खुर्ची वर वर नेत राहतात. माझी मुलं हसून हसून लोळली. पण ज्यूंच्या दुकानांवर अक्षरं रंगवणारे शिपाई आले, तेव्हा घरात एकदम शांतता झाली होती. हा सिनेमा १९४० साली आला, तेव्हा हिटलर जिवंत होता, जिंकत होता, आणि अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. पुढे आत्मचरित्रात चॅप्लिननं लिहिलं, की छळछावण्यांतलं खरं भीषण रूप आधी कळलं असतं तर हा सिनेमा आपण काढूच शकलो नसतो. हे मी मुलांना सांगितलं. हसणं कुठे थांबतं, याचा विचार मुलं करू शकतात. त्यांना तेवढं मोठं समजावं.

त्याच संध्याकाळी बोलता बोलता १९३९ साली पोलंडवर झालेल्या हल्ल्याचा विषय निघाला. माझी आई कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, “पोलंडची माणसं आमच्या कोल्हापुरात होती की. वळिवड्याला. मोठी माणसं सांगायची.” रिमोट, सिनेमा सगळं बाजूला राहिलं आणि मुलं आजीला जाऊन चिकटली. ही माणसं इथवर आली कशी, ते मग आम्ही शोधलं. पोलंडचे दोन लचके तोडले गेले, एक हिटलरनं तोडला आणि दुसरा स्टॅलिननं. स्टॅलिननं लाखो पोलिश माणसांना सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ साली जर्मनीनं रशियावरच हल्ला केल्यावर त्यांतल्या काहींची सुटका झाली. इराणमार्गे ती भारतात पोचली, आणि १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार जण राहिले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त.

“मग ते गेल्यावर त्या घरांचं काय झालं?” मुलाचा प्रश्न.

फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात. आईनं हातातली शेंग खाली ठेवली. “अगं, तुझ्या लग्नाचा बस्ता आपण तिथंच बांधला,” ती मला म्हणाली. लेक नकाशाच्या पुस्तकात कोल्हापूर शोधत होती.