‘अर्धसत्य’ : जिंकूनही हरलेल्या फौजदाराची कथा

पोलिसांच्या जीवनावरील चित्रपट आपल्याकडे पुष्कळ निघाले आणि आजही निघत आहेत. त्यांतील बहुतेक वर्षभरात विस्मरणात जातात. १९८३ साली प्रदर्शित झालेला गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ मात्र चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही पाहणाऱ्याला अस्वस्थ करतो. असे का व्हावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हा चित्रपट हिंदी असला तरी त्याचे मूळ मराठी आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी त्याची पटकथा लिहिली. दिलीप चित्रे यांच्या कवितेचा त्यात अर्थपूर्ण उपयोग केला आहे. रामा शेट्टी हा थंड डोक्याचा गुंड नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी उभा केला, तर फौजदार अनंत वेलणकरच्या भूमिकेसाठी ओम पुरी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याच्या दहा वर्षे आधी, १९७३ मध्ये, ‘जंजीर’ आला होता. त्यातील इन्स्पेक्टरवरही अन्याय होतो. पण शेवटी तो खलनायकाचा सूड घेतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. ‘अर्धसत्य’ हे समाधान देत नाही. वेलणकर रामा शेट्टीला पकडायला जातो, तर वरून एक फोन येतो आणि त्याला हात हलवीत परतावे लागते. त्याने केलेल्या कामगिरीचे श्रेय दुसऱ्यालाच मिळते. हा अपमान तो दारूत बुडवू पाहतो आणि एके रात्री कोठडीतील एका किरकोळ चोराला इतके मारतो की तो मरतो.

माझ्या मते चित्रपटाचे मर्म येथे आहे. राग होता रामा शेट्टीवर. जीव गेला दुबळ्या चोराचा. वेलणकरचे वडील पोलीस खात्यातच होते. लहानपणी त्याने वडिलांना आईवर हात उगारताना पाहिले होते. पुढे शिकण्याची त्याची इच्छा होती, पण वडिलांच्या हट्टाखातर त्याला खाकी घालावी लागली. वरच्याने खालच्याला मारायचे, ही रीत तो घरातूनच शिकला होता. शेवटी नोकरी वाचवण्यासाठी तो ज्याला पकडायला गेला होता त्या शेट्टीच्याच दारात जातो, तेथे अपमानित होऊन त्याचा गळा दाबतो आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो. गुंड मेला, पण न्याय झाला काय? चित्रपट हा प्रश्न आपल्याच पदरात टाकतो.

हा प्रश्न केवळ पडद्यावरचा नाही. अटक करताना व कोठडीत पोलिसांनी कोणते नियम पाळावेत, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात घालून द्यावे लागले. तरीही पडद्यावर नायकाने आरोपीला बडवले की आपण टाळ्या वाजवतोच. मीही वाजवल्या आहेत.

आमच्या येडशीत पहाटे रस्त्याने भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांत माझे मित्र आहेत. कोणाला मनापासून खाकी हवी आहे, तर कोणाला घरची गरज धावायला लावते. माझ्या वडिलांचीही तीच इच्छा आहे आणि ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. नोकरीची किंमत आमच्या घराला ठाऊक आहे. पण छाती आणि उंची मोजून घेणाऱ्या त्या मैदानावर मनातला राग कोणी मोजत नाही. तो ज्याचा त्यानेच मोजायचा असतो. वेलणकरला ते जमले नाही, आणि म्हणूनच त्याची कथा भरतीला निघालेल्या प्रत्येक मित्राने एकदा तरी पाहावी असे मला वाटते.