स्वतःच्या बांधाची डागडुजी: पैसे आधी कुठे घालायचे?

नाल्यावर स्वखर्चाने घातलेला मातीचा बांध पंधरा-वीस वर्षांचा झाला, मधोमध थोडा दबला, की ठेकेदार हमखास म्हणतो, "माथा फूटभर चढवून घेऊ." ऐकायला सोपे वाटते. पण कागदावर हिशेब मांडून पाहा.

समजा बांध १२ फूट उंच, माथा ८ फूट रुंद, आतला उतार अडीचास एक, बाहेरचा दोनास एक, आणि मधला १०० फुटांचा भाग बसलेला आहे. नुसत्या माथ्यावर फूटभर मुरूम टाकला तर ८ ब्रास लागतो. तोंडी अंदाजात बहुधा हाच आकडा असतो. पण उतार आणि माथ्याची रुंदी तीच राखायची तर भर पायथ्यापासून घालावी लागते, आणि ती होते ६४ ब्रास. दबाईत घट येते, म्हणून टिपरने ८० ब्रासच्या आसपास आणावा लागेल. पोहोच दर ब्रासला ८०० ते १,२०० रुपये धरला तर मुरमाचेच ६४ ते ९६ हजार झाले. रोलर आणि टँकर धरून काम लाखाच्या पुढे जाते. आठ ब्रासांत उरकलेल्या कामात माथा अरुंद होतो आणि कडा ढासळू लागतात. (इथले सगळे दर ढोबळ आहेत. डिझेल, अंतर आणि तालुका बदलला की तेही बदलतात.)

माझे मत स्पष्ट आहे: आधी सांडवा बघा. तो फूटभर खाली घेतला तर माथा फूटभर चढवल्याचाच फायदा मिळतो. जेसीबीचे पाच-सहा तास, तासाला १,००० ते १,४०० रुपये, म्हणजे सहा ते आठ हजारांत काम होते. कातळ लागला तर ब्रेकरचा दर वेगळा. तलावाचा पसारा एकरभर असेल तर सुमारे १२ लाख लिटर पाणी कमी साठेल, हे खरे. शेतकऱ्याला ते जिवावर येते. पण मातीचा बांध माथ्यावरून उलटलेल्या पाण्याने काही तासांत वाहून जातो, आणि मग सगळेच पाणी जाते. मोठ्या पावसात सांडवा भरून वाहत असतानाही माथा निदान दोन फूट कोरडा राहिला पाहिजे. सांडवा मूळ जमिनीत खोदलेला हवा, भरावात नको. आणि थोडे जास्त पाणी अडावे म्हणून त्याच्या तोंडाशी वाळूची पोती रचलेली असतील तर ती आजच काढा. त्याला खर्च शून्य.

दुसरा धोका आतून येतो. बाहेरच्या पायथ्याशी ओल असणे वाईट नाही. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझर नितळ आहे की गढूळ, हे महत्त्वाचे. एक बादली आणि घड्याळ घेऊन दर आठवड्याला मोजा, बादली किती वेळात भरते ते वहीत लिहा. तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला किंवा पाणी गढूळ झाले, तर आतली माती वाहू लागली आहे. अशा जागी बाहेरून काळी माती थापून भोक बुजवण्याची पद्धत घातक आहे, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून वाट काढते. तिथे गाळणी घालायची: आधी वाळू, वर खडी, त्यावर दगड. दहा फूट बाय दहा फूट जागेला अर्धा-अर्धा फूट वाळू आणि खडी म्हणजे प्रत्येकी अर्धा ब्रास, फूटभर दगड म्हणजे एक ब्रास. मजुरीसह आठ ते बारा हजार. पाणी गढूळ असेल तर सायफनने पातळी उतरवा, खालच्या वस्तीला लगेच कळवा, आणि जाणकार अभियंत्याला बोलवा. त्याच्या भेटीचे पाच-दहा हजार गेले तरी ते वाया नाहीत. पाणी काढायला बांध मात्र फोडू नका.

२०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले तेव्हा दोष खेकड्यांवर ढकलला गेला आणि त्यावर भरपूर थट्टा झाली. ते सरकारी धरण होते. पण आपल्या बारा फुटी बांधात खेकड्यांची आणि घुशींची बिळे खरोखर त्रास देतात. झुडपे काढली की बिळे दिसतात; दोन मजूर, दोन-तीन दिवस, प्रत्येकी रोज ५०० रुपये. मोठे झाड मात्र तोडून मोकळे होऊ नका. मुळे कुजली की त्यांच्या जागी पाण्याला नळ्या मिळतात.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा प्रामुख्याने १५ मीटरहून उंच धरणांसाठी आहे. १० ते १५ मीटरची धरणे काही अटींवरच त्यात येतात. म्हणजे आपल्या बांधाची तपासणी करायला कोणी येणार नाही. जबाबदारी त्यामुळे टळत नाही. खासगी तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले म्हणून इंग्लंडमध्ये १८६८ साली मालक जबाबदार ठरला, आणि त्या निकालाचा आधार आपल्याकडची न्यायालयेही घेत आली आहेत. केनियात सोलाई इथे मे २०१८ मध्ये एका खासगी मळ्यावरचा मातीचा बांध रात्री फुटला आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. तेव्हा बांधाखाली कोणाची घरे आहेत, हे मोजून ठेवा.

भर घालायचीच ठरली तर ठेकेदाराशी मार्चआधी बोला. मे महिन्यात यंत्रे मिळत नाहीत आणि दर चढतात. जुन्या उतारावर पायऱ्या काढून, अर्ध्या फुटाच्या थरांत, पाणी मारून आणि रोलर फिरवून भर घालायची, हे लेखी घ्या. मुरमाच्या स्वामित्वधनाची पावती मागा. आणि पैसे टिपरच्या खेपा मोजून देऊ नका. दबाई झाल्यावर जागेवर फीत लावून जितके ब्रास भरेल तितक्याचेच द्या.