सोयाबीन येईपर्यंत फी थांबेल का?

उदगीरच्या मोंढ्यात सोयाबीन येतं ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. कॉलेजची फी मात्र मागितली जाते पेरणीच्या दिवसांत, बी-खताची उधारी डोक्यावर असताना. आपल्याकडच्या पालकांना रक्कम जेवढी छळते, तेवढीच ही तारीखही छळते. मग घाईत व्याजाने पैसे काढले जातात, नाहीतर कुणीतरी सुचवलेल्या कॉलेजात ‘सीट बुक’ होते.

थोडं थांबा. फी किती हे विचारण्याआधी जागा कोणती हे विचारा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या आणि खासगी अभिमत विद्यापीठांतल्या जागांना ही सवलत नाही, आणि हे पुष्कळ घरांत पैसे भरून झाल्यावर कळतं. वसतिगृह आणि मेसचा खर्चही या माफीत येत नाही. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून साधारण निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. इंजिनिअरिंगला टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, ५ टक्के जागा असतात, पण त्या गुणवत्तेवरच.

कागदांचं काम निकालानंतर काढू नका. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच द्या. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरला की काम संपलं, असं समजू नका. कॉलेजच्या लॉगिनवरून तो पुढे गेला का, हे कार्यालयात जाऊन बघा. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते वेगळंच.

आणि घराजवळचं बघा! उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शासकीय आहे, प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. एमबीबीएस हुकलं म्हणून तिसऱ्यांदा लातूरच्या क्लासची फी भरणाऱ्यांनी या साडेपाच वर्षांच्या पदवीचा विचार आधी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गावात राहून शिकलं की खोलीचं भाडं वाचतं, मेसचा डबा वाचतो.

सगळा भार पालकांनीच का उचलायचा? नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये निघालं ते याच भागातल्या मुलांसाठी. त्याने संलग्न कॉलेजांना दोन हप्त्यांत फी घ्यायला सांगावं, दुसरा हप्ता दिवाळीनंतरचा. शासनाकडून येणारी रक्कम मुलांकडून आधी वसूल होऊ देऊ नये. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत परीक्षा शुल्क माफ होतं. ते आधी घेऊन मागाहून परत करण्यापेक्षा घेऊच नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली ‘कमवा व शिका’ही वाढवता येईल. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, काम सगळीकडे पडलेलं असतं.

तोवर तुम्ही एवढं करा: हप्त्यांची मागणी प्राचार्यांकडे लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या. मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलंय. पडताळणी झाली की ती घरी आणा.