नदी कोणी शोधली? : एका जलप्रवासाचा अभ्यास



इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वरचेवर येतो : 'अमुक नदी कोणी शोधली?' एका वाक्याचे उत्तर, एक गुण. त्या एका वाक्यात काय सांगायचे राहून जाते, हे प्रस्तुत पाठात पाहू. त्यासाठी कॅनडाच्या वायव्य भागातील मॅकेंझी नदी घेऊ. ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघून सुमारे १७०० किलोमीटर वाहत ती आर्क्टिक महासागराला मिळते.

प्रवास

३ जून १७८९ रोजी अलेक्झांडर मॅकेंझी हा स्कॉटिश लोकरी-कातड्यांचा व्यापारी अथाबास्का सरोवराकाठच्या फोर्ट चिपेवायन ठाण्यावरून निघाला. पॅसिफिक महासागराकडे जाणारा जलमार्ग त्याला हवा होता. होडी भूर्ज वृक्षाच्या सालीची होती. याच कुळातील वृक्षाच्या सालीवर आपल्याकडे प्राचीन ग्रंथ लिहिले गेले. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी तीच साल मुळांच्या तंतूंनी शिवून, सांधे झाडाच्या डिंकाने बुजवून, माणसाच्या खांद्यावर वाहता येईल इतकी हलकी होडी घडवली होती. हे कौशल्य नसते तर हा प्रवास सुरूही झाला नसता; कारण जिथे धबधबे आणि खळाळ होते तिथे होडी व सामान उचलून जमिनीवरून चालावे लागे.

जून महिना असूनही ग्रेट स्लेव्ह सरोवर बर्फाने अडले होते. तिथून पुढे नदी काही अंतरानंतर उत्तरेकडे वळली. जुलैमध्ये एका रात्री मॅकेंझी न मावळणारा सूर्य पाहत जागा राहिला. त्याने एका सोबत्याला उठवले. सूर्य इतका वर पाहून निघायची वेळ झाली असे समजून तो इतरांना हाका मारू लागला! मध्यरात्र नुकतीच उलटली आहे, हे त्याला पटवणे कठीण गेले. जुलैच्या मध्यास मंडळी समुद्राशी पोहोचली. परंतु तो पॅसिफिक नव्हता. १२ सप्टेंबरला, १०२ दिवसांनी, ती ठाण्यावर परतली.

श्रम कोणाचे?

मॅकेंझीच्या होडीत चार कॅनेडियन वल्हेकरी व एक जर्मन होता. दोघा वल्हेकऱ्यांच्या बायका बरोबर होत्या. दुसऱ्या लहान होडीत चिपेवायन समाजातील एक प्रमुख आपल्या दोन बायकांसह होता. व्यापारी त्याला 'इंग्लिश चीफ' म्हणत. दुभाष्या, शिकारी आणि वाटाड्या या तिन्ही नात्यांनी तो उपयोगी होता. आणखी दोन तरुण शिकारी तिसऱ्या होडीत होते. वाटेत काठावरच्या वस्त्यांतून स्थानिक वाटाडे घेतले गेले. काही नाखुशीने आले, तर एकावर पळून जाऊ नये म्हणून पहारा ठेवावा लागला.

परतीच्या वाटेवर प्रवाहाविरुद्ध होडी दोराने ओढत दगडधोंड्यांवरून चालावे लागे. चामडी जोडा एका दिवसापेक्षा अधिक टिकत नसे, म्हणून स्त्रिया सतत मूसच्या कातड्याचे जोडे शिवत. याच सुमारास मॅकेंझीने इंग्लिश चीफवर माहिती लपवल्याचा आरोप केला. तो संतापला व पुढे येत नाही म्हणाला. दारूगोळा नसला तरी आपल्या आप्तांप्रमाणे आपण या मुलखात जगू शकतो, असे त्याने सुनावले. मॅकेंझीला त्याची समजूत काढावी लागली, कारण त्याच्यावाचून चालणार नव्हते.

मॅकेंझीचा ग्रंथ १८०१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात वल्हेकरी पुरुषांची नावे आहेत. त्यांच्या बायकांची नाहीत. रोजचा जोडा शिवणारे हात निनावीच राहिले.

अरण्य की मायभूमी?

काठावर राहणारे डेने लोक या नदीला 'डे-चो', म्हणजे मोठी नदी, म्हणत आले आहेत. ज्या नदीला आधीच नाव आहे, ती 'शोधली' असे कसे म्हणावे? हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. १९७० च्या दशकात याच खोऱ्यातून नैसर्गिक वायूची प्रचंड नळवाहिनी नेण्याचा प्रस्ताव आला. चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती थॉमस बर्जर ३५ वस्त्यांत गेले आणि तिथल्या लोकांचे म्हणणे त्यांच्याच गावी ऐकले. बाहेरचे ज्याला ओसाड सीमाप्रदेश मानत होते, ती या लोकांची मायभूमी आहे, हे त्यांच्या १९७७ च्या अहवालाने स्पष्ट केले. जमिनीवरील हक्कांचा निवाडा होण्यास अवधी मिळावा म्हणून नळवाहिनी दहा वर्षे पुढे ढकलण्याची शिफारस त्यांनी केली. ती तेव्हा बांधली गेली नाही.

मॅकेंझीचे धाडस खोटे नव्हते. त्याने दैनंदिनी लिहिली म्हणूनच जोडे शिवणाऱ्या स्त्रिया आपल्याला दिसतात. परंतु जो लिहितो, त्याचेच नाव नकाशावर चढते. म्हणून लिहिलेले वाचताना न लिहिलेली नावे शोधणे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य आहे. आणि आपल्या माणसांची नावे स्वतः लिहून ठेवणे, हे दुसरे.

स्वाध्याय

१. 'मॅकेंझी नदी कोणी शोधली?' या प्रश्नाचे उत्तर पाच वाक्यांत लिहा.
२. तुमच्या गावच्या नदीची किंवा ओढ्याची जुनी नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. तिच्यावरील बांध, विहीर वा पूल कोणाच्या हातांनी उभा राहिला, त्यांची नावे मिळतील तेवढी लिहून आणा.