आधी पिस्टन, मग सुपरचार्जर

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. १९९८ च्या जीप चेरोकीचे चार लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन स्ट्रोकर करून त्याला सुपरचार्जर लावायचा आहे. आतले भाग कोणते घ्यावेत?

उत्तर : जीपच्याच जुन्या ४.२ लिटर इंजिनचा क्रँक घ्या. स्ट्रोक ८६.७ वरून ९८.९ मिमी होतो आणि मूळ बोअरवरही ४.५ लिटर मिळतात. कनेक्टिंग रॉड चार लिटरचेच ठेवलेत, तर पिनपासून माथ्यापर्यंतची पिस्टनची उंची सुमारे ६ मिमी कमी हवी. नाहीतर पिस्टन हेडवर आदळेल. पिस्टन फोर्ज्ड, खोलगट माथ्याचे घ्या, कॉम्प्रेशन ८.५ च्या आसपास ठेवा. रिंगची फट पिस्टन उत्पादकाच्या सुपरचार्जरसाठीच्या तक्त्याप्रमाणेच ठेवा. तापून टोके भिडली, की पिस्टनची कड तुटते. पैसे कमी पडले तर सुपरचार्जर पुढे ढकला, पिस्टनमध्ये काटकसर नको.