हाली नोटांचे मोल

नांदेड व लातूर परिसरातील जुन्या वाड्यांत, जमिनीच्या कागदपत्रांच्या दप्तरात, अधूनमधून एखादी हाली नोट निघते. घरात तिच्या किमतीविषयी तर्क सुरू होतात. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील गाव होते. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई भासू लागल्याने संस्थानाने कायदा करून १९१८ मध्ये दहा व शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. १९१९ मध्ये एक व पाच रुपयांच्या, तर १९२६ मध्ये हजार रुपयांच्या नोटा आल्या. ‘उस्मानिया सिक्का’ हे या चलनाचे अधिकृत नाव. लोक मात्र त्याला हाली आणि ब्रिटिश रुपयाला कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार.

पुढे भारतीय चलन हेच येथील कायदेशीर चलन ठरले. त्यामुळे नोटेवरील आकड्याला आता व्यवहारात अर्थ नाही. तिचे मोल ठरते ते दुर्मिळता, अवस्था आणि संग्राहकांची मागणी यांवर. केवळ जुनेपणा पुरेसा नसतो. हजाराची नोट मुळातच थोड्यांच्या हाती असे, एकाची मात्र घरोघरी फिरे.

प्रथम स्वाक्षरी पाहावी. संस्थानाचे अर्थमंत्री नोटेवर स्वाक्षरी करीत आणि ते बदलले की स्वाक्षरीही बदले. गुलाम मुहम्मद व झाहिद हुसेन यांच्या स्वाक्षऱ्या या नोटांवर आढळतात. पुढे पहिले पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले, दुसरे तेथील मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर. फसली साल दिले असल्यास त्यात सुमारे ५९० मिळवावेत, म्हणजे इसवी सन मिळतो.

नंतर अवस्था. घडी, टाचणीचे छिद्र, फाटलेली कड, तेलाचा डाग यांपैकी प्रत्येक गोष्ट किंमत उतरवते. नोट धुणे, इस्त्री करणे, चिकटपट्टी लावणे ही तर हौसेने केलेली हानीच होय. भाव पाहताना त्याच मूल्याची, त्याच स्वाक्षरीची व तशाच अवस्थेची नोट लिलावात प्रत्यक्ष किती रुपयांना विकली गेली, तेच पाहावे. विक्रेत्याने मागितलेली रक्कम हा भाव नव्हे.

‘नोट लाखोंची आहे, आधी शुल्क भरा’ असे सांगणाऱ्यांपासून ग्रामस्थांना सावध करणे पंचायत सदस्यांना व शिक्षकांना सहज शक्य आहे. जुन्या नोटांच्या व्यवहारासाठी आपण कोणतेही शुल्क वा कमिशन घेत नाही, आणि तसा अधिकारही कोणास दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.